शून्यानंतरचे दीड तास

थोरल्या बहिणीच्या घरात गेल्या सव्वीस वर्षांत कुठलीही वस्तू संपली नव्हती. साखरेचा डबा निम्म्यावर आला की त्याच्यामागे दुसरा भरून उभा असायचा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं की मोटर लागायची. स्कूटरचा काटा मध्यावर येण्याच्या बेतात असला की भाऊजी पेट्रोल पंपाच्या रांगेत. टूथपेस्टची ट्यूब त्या घरात कोणी कधी शेवटपर्यंत पिळली नव्हती. पोटाला जरा खळी पडली की तिला सेवानिवृत्त करण्यात येई. नातेवाईक भाऊजींना पाठीमागे ‘फुलटाकी’ म्हणत. हे नाव एकदा त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना ते पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

धाकटीला हे सगळं ठाऊक होतं. तरीही एका शनिवारी तिने एक बॅटरी पूर्ण रिकामी करण्याचं काम भाऊजींच्या हवाली केलं. एकोणीस वर्षं बॅटऱ्यांच्या दुखण्यात घालवलेल्या बाईने असं का करावं, हे कोणी विचारलं की ती म्हणते, “मी बॅटरी तपासली होती. भाऊजी तपासायचे राहून गेले.”

धाकटीचं दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी खोली. उंच गिऱ्हाइकांना आत शिरताना मान झुकवावी लागे, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधीच नम्र होऊन येई. काउंटरवर मल्टिमीटर, बॅटऱ्या उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या, दोन वायरींना लोंबणारा गाडीच्या हेडलाइटचा बल्ब आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ. ती फक्त लॅपटॉपच्या बॅटऱ्या बघायची. पडदा फुटलेला असो की कळा उडालेल्या असोत, त्याला दुसरं दुकान. बॅटरी मात्र कुठूनही तिच्याकडे येई. चार वर्षं चार्जरला लटकून राहिलेली येई, गादीवर पांघरुणात उकडून निघालेली येई. एक गृहस्थ तर पोट फुगलेली बॅटरी दोन्ही हातांवर धरून आले आणि म्हणाले, “आता हिच्यात जास्त मावत असेल, नाही?” धाकटीने ती बॅटरी त्यांच्या हातातून अलगद काढून वाळूच्या बादलीत ठेवली आणि मग त्यांना खुर्ची दिली.

दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बॅटरीवर ती पांढरी पट्टी लावायची आणि त्यावर ती किती वेळ चालेल ते लिहायची. तास आणि मिनिटं. टक्के कधीच नाहीत. टक्क्यांबद्दल तिचं मत असं होतं की ते गुणपत्रिकेत ठीक आहेत, कारण तिथे खोटे निघाले तरी दिवा विझत नाही. पट्टीवर लिहिलेलं चुकलं तर ती बॅटरी फुकट बदलून द्यायची. एकोणीस वर्षांत सहा बॅटऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या, आणि त्या सहाही तिला शत्रूंच्या चेहऱ्यांसारख्या लक्षात होत्या.

तर त्या शनिवारी सकाळी थोरली आली. मागे बॅग धरून भाऊजी.

“दोन तास पाच मिनिटांत झोपतो,” थोरली म्हणाली आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवला. थोरली मोजकं बोलायची. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं शब्दनशब्द टाइप करणाऱ्या माणसाला स्वतःचं फारसं बोलावंसं वाटत नसावं. नगरसभेच्या बैठकांना ज्यांना ऐकू येत नाही अशी तीसेक माणसं नेमाने येत. त्यांच्यासाठी थोरली सभागृहातलं प्रत्येक वाक्य बोललं जाताक्षणी टाइप करायची आणि ते समोरच्या पडद्यावर उमटायचं. अकरा वर्षं ती हेच करत होती. अकरा वर्षांत तिने स्वतःची आखूड अक्षरं तयार केली होती, तीन कळा दाबल्या की अख्खं वाक्य उभं राही, आणि ही सगळी शिदोरी ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होती तो याच एका जुन्या लॅपटॉपवर चालायचा.

“मग प्लगला लावून चालव की,” धाकटी म्हणाली. “इतकी वर्षं तेच करतेस.”

“सोमवारची बैठक जुन्या सभागृहात आहे. पडद्याची वायर छतातून येते, बाकी प्लग एकच, खांबावर. मधे चालायची वाट. वाटेत वायर टाकायची नाही असा नियम आहे.”

“कोणाचा?”

“सभापतींचा. दोन वर्षांपूर्वी ते स्वतःच अडखळले होते. सहा आठवडे प्लास्टर.”

“तो नियम आता मरेपर्यंत टिकेल,” भाऊजी म्हणाले.

थोरलीने पुढचं सांगितलं तेही त्याच सुरात. तिच्या कामाचा करार संपत होता. तिच्या जागी माणूस हवाच कशाला, आपोआप लिहिणारं यंत्र बसवू, असं काही सभासदांचं म्हणणं होतं. सभापतींनी तोडगा काढला होता: सोमवारी अकरा वाजता बैठक, तीन तासांची, बाईंनी नेहमीसारखं काम करावं, सगळे सभासद पडद्याकडे बघतील. पडदा एकदाही बंद पडला नाही तर बाईंचा करार पुढे. पडला, तर यंत्र.

“आणि आपला पडदा दोन तास पाच मिनिटांनी मान टाकतो,” धाकटी म्हणाली. “नवी बॅटरी मागवली तर येईल गुरुवारी, आणि ती नवी असेलच असं नाही. बघू दे हिलाच.”

तिने बॅटरी काढून हातात घेतली आणि थबकली. बॅटरी गार होती.

“ही कुठे होती?”

थोरलीने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी खाकरले. “फ्रिजमध्ये. दारात. अंड्यांच्या शेजारी.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं होतील. हिचं काम प्लगवरच चालतं ना, मग बॅटरी उगाच कशाला झिजवायची? काढून फडक्यात गुंडाळून ठेवतो. तीन महिन्यांनी एकदा बाहेर काढून पूर्ण भरायची, परत आत.” भाऊजी बॅटरीकडे अशा मायेने बघत होते की जणू ती परगावी शिकायला निघाली होती. “तळहाताच्या फोडासारखी जपली आहे. तरी अशी निघाली.”

धाकटीने बॅटरी खोलीच्या उबेला आणली, पूर्ण चार्ज केली, मग दोन्ही टोकांना बल्ब जोडला. जिन्याखालची खोली अचानक लग्नघरासारखी उजळली. दहा मिनिटं तिने मीटरवर डोळे लावले. आकडा जेमतेम हलला. पाठ कुठे तापते का म्हणून तिने बॅटरीच्या अंगावरून मनगट फिरवलं. सगळीकडे सारखीच कोमट होती. मग तिने थोरलीला लॅपटॉप झोपेपर्यंत चालवायला लावला आणि तो झोपल्या झोपल्या बॅटरी काढून पुन्हा मोजली. रिकाम्या बॅटरीचा आकडा नऊ व्होल्टच्या आसपास यायला हवा. आला अकरा पूर्णांक दोन.

ती पाठ टेकून बसली. सत्य समोर होतं, आणि ते भाऊजींच्या देखत सांगावं लागणार होतं.

“ताई, तुझी बॅटरी मेलेली नाही. आतले सेल अगदी टवटवीत आहेत.”

“म्हटलं होतं,” भाऊजी म्हणाले.

“पूर्ण ऐका. बॅटरीच्या आत एक मोजणारी चिप असते. किती भरलं, किती उरलं याचा हिशेब ती ठेवते. तिला हिशेब येतो तो बॅटरी पूर्ण भरताना आणि पूर्ण रिकामी होताना बघून. तुम्ही तीन वर्षांत तिला भरलेलं तेवढं दाखवलंत, रिकामं कधी दाखवलंच नाहीत. तिला तळ कुठे आहे तेच माहीत नाही. त्यामुळे ती घाबरून निम्म्यातच संपलं म्हणून सांगते आणि लॅपटॉप बिचारा तिच्या शब्दावर झोपतो.”

“पण सेल टवटवीत,” भाऊजी म्हणाले.

“टवटवीत.”

“फ्रिजमुळे.”

“थोडंफार,” धाकटीने दात आवळून कबूल केलं.

थोरलीने घड्याळ पाहिलं. “उपाय?”

उपाय सोपा होता, वेळखाऊ होता. पूर्ण भरायची, दोन तास विसावा. मग लॅपटॉपला सांगून ठेवायचं की शून्य झालं तरी झोपायचं नाही, आणि चालवत राहायचं, बॅटरी स्वतःहून बंद पडेपर्यंत. मग पुन्हा विसावा, पुन्हा पूर्ण भरायची. तळ एकदा दिसला की चिप ताळ्यावर येते. धाकटीने लॅपटॉपची झोप बंद करून दिली आणि कागदावर सगळं क्रमाने लिहून दिलं. रविवारी थोरलीला बैठकीच्या विषयपत्रिकेतले नवे शब्द घोकायचे होते. म्हणून कागद भाऊजींनी घेतला.

“शून्यावर गेल्यावर बराच वेळ चालेल,” धाकटीने बजावलं. “बघत बसा. हात लावू नका.”

“मी काय लहान आहे?” भाऊजी म्हणाले.

रविवारी संध्याकाळी तिने फोन केला. “झालं?”

“झालं,” भाऊजी म्हणाले. थोडे घाईने म्हणाले, पण भाऊजींना फोन संपवायची घाई असे. फोनची बॅटरी उतरते ना.

सोमवारी सकाळी नऊला दोघं दुकानात आली, जाता जाता पट्टी लावून घ्यायला. बॅटरी शिगोशीग भरलेली. धाकटीने लॅपटॉप चालू केला आणि कोपऱ्यावर नजर टाकली. उरलेला वेळ: दोन तास पाच मिनिटं.

तिने शांतपणे बॅटरीची नोंद उघडली. लॅपटॉप सगळं लिहून ठेवतो, त्याला कोणाची भीड नसते. रविवार, तीन वाजता चार्जर काढला. पाच वाजून पाच मिनिटांनी शून्य. पाच वाजून बारा मिनिटांनी चार्जर जोडला.

“भाऊजी.”

भाऊजी तिरक्या छताचं निरीक्षण करत होते.

“सात मिनिटं,” धाकटी म्हणाली. “शून्यानंतर सात मिनिटं तुम्ही दम धरलात.”

“सातही खूप झाली,” भाऊजी म्हणाले. आता सांगूनच टाकावं असं त्यांना वाटलं असावं. “तुम्हाला कळायचं नाही. तिथे शून्य लिहिलेलं आणि ते चालूच. जेवण संपल्यावर माणूस ताटात बोटं फिरवतो तसं. मला बघवेना. मी उठून टाकी बघून आलो. परत आलो तरी शून्यच. शेवटी हात गेला.”

“आणि मला म्हणालात, झालं.”

“भरून झालं, या अर्थाने.”

भाऊजींनी थोरलीकडे पाहिलं आणि ते आणखी बारीक झाले. सव्वीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. आताही नाही. तिने फक्त विचारलं, “आता पुन्हा करायला किती वेळ?”

“दहा तास. आहेत दोन.”

“म्हणजे दोन तास पाच मिनिटांनी शून्य दिसणार.”

“दिसणार. पण चालणार. झोप मी बंद केलेलीच आहे.”

“किती चालणार?”

हाच प्रश्न होता. रविवारी बॅटरी तळापर्यंत गेली असती तर उत्तर घड्याळाने दिलं असतं. आता धाकटीजवळ दहा मिनिटं पेटलेला बल्ब होता, अकरा पूर्णांक दोन हा आकडा होता आणि एकोणीस वर्षं होती. तिने मनात पुन्हा एकदा बेरीज-वजाबाकी केली. लॅपटॉप किती खातो ते माहीत होतं. सेल किती देतील ते दिसत होतं. शंका घ्यायला जागा तिला सापडेना, आणि नसलेली शंका केवळ नम्रतेपायी बोलून दाखवावी असा तिचा स्वभाव नव्हता.

“साडेतीन तास,” ती म्हणाली.

“लिहून देशील?”

धाकटीने पांढरी पट्टी फाडली. ‘३ तास ३० मि.’ असं लिहिलं. ही पट्टी मात्र तिने बॅटरीवर लावली नाही. लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे टक्के दिसतात नेमकी तिथे चिकटवली.

“इकडे बघायचंच नाही. भिंतीवरचं घड्याळ बघ. आणि भाऊजी, चार्जर इथे ठेवा.”

“राहू दे ना बॅगेत. जड नाही.”

“म्हणूनच इथे ठेवा.”

भाऊजींनी चार्जर काढून काउंटरवर ठेवला.

धाकटीने दुकान बंद केलं आणि त्यांच्याबरोबर गेली. जुनं सभागृह उंच छताचं, लाकडी बाकांचं. थोरलीचं टेबल डाव्या हाताला, तिच्या समोर पडदा, पडद्यासमोर तीस माणसं. मधली वाट मोकळी, आणि वाटेच्या अलीकडे खांब. खांबावर तो एकुलता एक प्लग. भाऊजींनी नेमकी खांबाला लागून असलेली जागा धरली. धाकटी त्यांच्या शेजारी बसली, सुनेच्या माहेरून आलेल्या माणसांवर लक्ष ठेवायला बसावं तशी.

अकराला बैठक सुरू झाली. विषय होता गटारांवरची झाकणं. पहिल्या दोन तासांत नऊ सभासद बोलले आणि झाकणं असावीत यावर जवळपास एकमत झालं. थोरलीची बोटं चालत होती. बोलणारा अडला तर पडद्यावर तो अडलेला दिसे, बोलणारा पळाला तर पडदाही त्याच्यामागे पळे. समोरची माणसं वाचत होती. मधूनच एखाद्या वाक्यावर सगळी एकदम हसत, आणि ज्यांना ऐकू येत होतं ते सभासद क्षणभराने हसत.

एक वाजून पाच मिनिटं झाली. पट्टीने टक्के झाकले होते, पण लॅपटॉपच्या कडेला एक बारीक दिवा होता, त्याचा धाकटीला विसर पडला होता. तो लाल झाला आणि लुकलुकू लागला.

“लाल,” भाऊजी पुटपुटले.

“असू दे.”

“लुकलुकतोय.”

“त्याचं कामच ते.”

थोरलीने दिव्याकडे एकदा पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि टाइप करत राहिली. भाऊजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी रुमाल काढला, घडी केला, उलगडला. मग त्यांचा हात पायाशी ठेवलेल्या पिशवीत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यात एक काळी वायर होती.

धाकटीने वायरकडे पाहिलं. “हा चार्जर कुठला?”

“दुसरा,” भाऊजी म्हणाले. “एक असला की दुसरा ठेवतोच आपण.”

तिला हे कळायला हवं होतं.

“लांब आहे,” ते कुजबुजले. “वाटेतून नेली तर तिच्यापर्यंत पोहोचेल. एक मिनिटाचं काम.”

“दारात शिपाई उभा आहे. तुम्ही वाटेत वायर टाकलीत की तो बैठक थांबवणार. सभापती प्लास्टरमधून उठून आल्यासारखे बघणार. ताईची बोटं थांबणार, पडदा थांबणार. बॅटरी बंद पडणार नाही, भाऊजी. पडदा तुम्ही बंद पाडाल.”

“आणि पडलीच तर?”

“नाही पडणार.”

“तू कशी एवढी—”

“कारण मी मोजलंय. तुम्ही साठवता, मी मोजते.”

पडद्यावर एक सभासद झाकणांच्या रंगाविषयी बोलत होता. लाल दिवा लुकलुकत होता. शेवटी भाऊजींनी वायर नीट गुंडाळली, तिला रबर लावलं आणि ती धाकटीच्या मांडीवर ठेवली. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसले. रविवारच्या सात मिनिटांची तिथे दहा झाली, वीस झाली, पन्नास झाली. त्यांनी डोळे मिटले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

दोन वाजता तीन तास झाले. बैठक संपली नाही. सभापतींना समारोप करायचा होता, आणि त्यांचा समारोप ही वेगळी बैठकच असे. सव्वादोनला ते पडद्याकडे वळले.

“आज आपण सर्वांनी पाहिलं,” ते म्हणाले, आणि पडद्यावर उमटलं, आज आपण सर्वांनी पाहिलं. “पडदा एकदाही थांबला नाही. माझ्या मते बाईंचा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवावा. कोणाची हरकत?”

थोरलीने हेही टाइप केलं, झाकणांच्या रंगाचं टाइप केलं होतं तसंच, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. समोरच्या तीस माणसांनी ते वाचलं आणि कोणाची हरकत आहे का हे बघायला ती सगळी एकदम मागे वळून सभासदांकडे बघू लागली. इतक्या डोळ्यांसमोर हरकत घेणं अवघड असतं. कोणी घेतली नाही. ‘हरकत नाही,’ थोरलीने टाइप केलं. ‘बैठक संपली.’ दोन वाजून एकवीस मिनिटं.

सभागृह रिकामं झालं. भाऊजींनी मांड्यांखालून हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. ते उठले आणि थोरलीच्या टेबलाशी गेले. तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

“थांब,” धाकटी म्हणाली. “मिटू नकोस. काल राहिलं ते होऊन जाऊ दे. तळाला आलीच आहे.”

मग तिघं त्या रिकाम्या सभागृहात लॅपटॉपभोवती बसली. शिपायाने दोनदा डोकावून पाहिलं आणि ही माणसं कोणाची वाट बघतायत ते त्याला कळेना. अडीच वाजले. साडेतीन तास पुरे झाले. धाकटीने मान हलवली. लॅपटॉप चालूच. दोन पस्तीस. भाऊजी श्वास रोखून बघत होते. त्यांनी आयुष्यात कोणतीही गोष्ट शेवटपर्यंत जाताना पाहिली नव्हती. दोन अडतीसला पडदा काळा झाला. काही आवाज झाला नाही. लाल दिवा विझला.

“बस?” भाऊजींनी विचारलं. “एवढंच असतं?”

“एवढंच.”

धाकटीने पट्टी सोलून काढली, तीस खोडून अडतीस लिहिलं आणि ती बॅटरीच्या पाठीवर लावली. आठ मिनिटं चुकली होती. हे तिला पुढे दोन दिवस बोचलं.

भाऊजींनी सवयीने हात पुढे केला. “दे वायर. खांबाजवळ नेतो. आता तर काही हरकत नाही.”

“दोन तास नाही,” धाकटी म्हणाली. “रिकामी झाली की विसावा. मग भरायची.”

“दोन तास रिकामीच ठेवायची? काहीच न करता?”

थोरलीने लॅपटॉप बॅगेत घातला आणि बॅग त्यांच्या खांद्याला अडकवली. “चला,” ती म्हणाली, “चहा प्यायला जाऊ.”

भाऊजी निघाले. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी बॅगेवर हात ठेवला, आत काही हलतंय का ते बघावं तसा, आणि मग तो हात काढून खिशात घातला.